हिरवा दिवा

दोस्तांनो, चार्जरवर हिरवा दिवा लागला की तुम्ही काय समजता? झालं, बॅटरी भरली! मीही तेच समजले होते. चांगली शिकलेली, शहरात राहणारी तुमची ही आत्या. ऐका तर.

२०२४ सालच्या जूनमधली गोष्ट. जुन्नर तालुक्यात माझ्या दादाचं टोमॅटोचं शेत आहे. आभाळ भरून आलेलं, हवा दमट, आणि पानांवर करप्याचे काळे ठिपके दिसू लागलेले. औषध मारायला हवं होतं आणि तेही पाऊस यायच्या आत. दादाकडे पाठीवरचा बॅटरीचा पंप आहे. त्याची जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी मेली होती, म्हणून त्याने नवी आणली होती, लिथियम आयर्न फॉस्फेटची. जुनी जवळजवळ अडीच किलोंची, ही एक किलोच्याही आत! दिवसभर पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला हा फरक काय असतो, हे त्यालाच विचारा.

बॅटरी आली, पण जुन्या चार्जरची वायर उंदरांनी कुरतडलेली. मी म्हटलं, "थांब दादा, माझ्या ड्रिल मशीनचा चार्जर आहे ना पिशवीत!" पिन बसली, अगदी टक्कन. चार्जरवर लिहिलं होतं १२.६ व्होल्ट, बॅटरीवर १२.८. फरक तो किती? आणि लावल्या लावल्या हिरवा दिवा लागला. मी ऐटीत म्हणाले, "बघ, दुकानदाराने भरूनच दिलीय."

पहाटे दादा शेतात गेला. एका वेळी सोळा लिटर पाणी मावणारी टाकी, आणि शेताला अशा अकरा-बारा टाक्या लागतात. पाचव्या टाकीला पंपाचा आवाज बारीक झाला आणि बंदच पडला. नऊ वाजता पाऊस सुरू झाला, तो तीन दिवस थांबला नाही. अर्ध्या सऱ्यांना औषध मिळालं, अर्ध्यांना नाही.

दादा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी माझी भाची बॅटरी मांडीवर घेऊन बसली. सातवीत आहे, गणितात बरी आहे, प्रश्न विचारण्यात फारच बरी. "आत्या, ह्याच्या आत काय असतं?" मी सांगितलं, की या जातीचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा असतो. तिने लगेच भागाकार केला: १२.८ भागिले ३.२, म्हणजे चार सेल, एकामागे एक जोडलेले. "मग भरताना किती द्यायचे?" एका सेलला जास्तीत जास्त ३.६५. चार गुणिले ३.६५ म्हणजे १४.६! बॅटरीच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत तेच छापलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

आता कोडं सुटलं. नवी बॅटरी दुकानातून थोडी भरलेलीच येते आणि तेव्हाही तिचा दाब तेरा व्होल्टच्या आसपास असतो. माझा चार्जर १२.६ वरच थांबणारा. खालच्या हौदातलं पाणी आपोआप वरच्या टाकीत जाईल का? नाही ना! तसंच झालं. चार्जरमधून वीज गेलीच नाही. आणि वीज जात नाही म्हणजे बॅटरी भरलीच असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. म्हणून हिरवा दिवा. तो खोटं बोलत नव्हता, ड्रिलच्या तीन सेलांच्या बॅटरीपुरतं खरंच बोलत होता. त्या सेलांची जात वेगळी, मोबाइलमधल्यासारखी. तो सेल ४.२ व्होल्टला भरतो. तीन गुणिले ४.२ किती, ते तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पावसातच तालुक्याला गेलो. दुकानदाराने एक चार्जर पुढे केला, "बारा व्होल्टच्या लिथियमला हाच चालतो." भाचीने तो उलटा करून पाहिला. आउटपुट १६.८. "काका, ह्याला चारने भागलं तर ४.२ येतात. आम्हाला ३.६५ पाहिजेत." काका हसले, पण पुन्हा खोक्यात शोधायला लागले! तो चार्जर लावला असता तर प्रत्येक सेलवर जास्त दाब पडला असता. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं एक छोटं सर्किट असतं, ते अशा वेळी वीज तोडतं. पण वॉचमन आहे म्हणून कुणी रोज दार उघडं टाकून झोपतं का? लेड-अ‍ॅसिडचा चार्जरही असाच बेभरवशाचा. काही चार्जर बॅटरी भरल्यावरही मधूनमधून चढा दाब देतात. शिशाच्या बॅटरीला ते लागतं, हिला नाही.

शेवटी मिळाला: १४.६ व्होल्ट, २ अँपिअर, वर बॅटरीच्या जातीचं नावही छापलेलं. अँपिअर का पाहायचे? आमची बॅटरी ६ अँपिअर-तासांची. दोनाने भरायला तीन तास आणि वर थोडा वेळ. याच बॅटरीला दहा अँपिअरचा चार्जर लावला, तर सेलांना ते झेपायचं नाही. साधारणपणे निम्म्याच्या आत, म्हणजे इथे तीनपर्यंत, राहिलेलं बरं.

जाता जाता एक गंमत. या बॅटरीचं रसायन १९९७ साली जगापुढे मांडलं, ते अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते! त्यांच्या आडनावाचा अर्थ 'पुरेसं चांगलं' असा होतो. माझे १२.६ मात्र पुरेसे नव्हते.

नव्या चार्जरचा दिवा तीन तास लाल राहिला. (भिंतीतल्या प्लगचं काम वहिनीने केलं. २३० व्होल्टशी खेळायचं नाही, तुम्हीही घरातल्या मोठ्यांनाच सांगा.) पाऊस उघडल्यावर दादाने उरलेल्या सऱ्या एका दमात फवारल्या. त्यातली बरीच झाडं तोवर हातची गेली होती. वहिनी आणि मी दोन दिवस करपलेली पानं खुडत होतो.

भाचीने नव्या चार्जरवर पांढरी पट्टी चिकटवून 'पंप, १४.६' असं लिहिलंय. गावाहून परत आल्यावर मी पिशवी उघडली, तर माझ्या चार्जरवरही तशीच पट्टी: 'आत्याच्या ड्रिलचा. पंपाला लावू नये.'