उंबरठ्यावरचा पहारेकरी

कांहीं वर्षांपूर्वीं पनवेलच्या आमच्या घरीं केबलवाटे इंटरनेट आलें, तें एकाच संगणकापुरतें. घरांत माणसें मात्र ११! म्हणून राउटर आणला. पण तो जोडतांच सारेंच बंद पडलें. कारण साधें होतें. केबलवाल्याच्या दफ्तरीं आमच्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक नोंदलेला होता. राउटर तेथें अनोळखी ठरला. राउटरच्या सेटिंगमध्यें तोच क्रमांक भरला, मोडेम बंद करून पुन्हां सुरू केला, तेव्हां गाडी मार्गीं लागली.

राउटरनें प्रत्येक यंत्राला १९२.१६८ नें आरंभ होणारा घरगुती पत्ता दिला. बाहेर मात्र सर्वांचा मिळून पत्ता एकच. एकत्र कुटुंबाची रीतच ही! आंतून ज्यानें जें मागविलें तें त्यालाच पोंचतें; न बोलावतां आलेला दारांतूनच परत जातो. या पहाऱ्याचें मोल ऑगस्ट २००३ मध्यें दिसून आलें. ‘ब्लास्टर’ नांवाचा किडा, कोणी कांहीं न उघडतांहि, विंडोजच्या संगणकांत शिरत होता. राउटरच्या आडोशाला असलेल्या संगणकापर्यंत तो बाहेरून सहसा पोंचूं शकत नसे.

परंतु पहारेकरी ठेवला म्हणजे काळजी सरली, असें नव्हे. राउटरचा मूळचा, सर्वांस ठाऊक असलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. शिवाय, जें आपणच आंत बोलावतों त्याला तो सहसा अडवीत नाहीं. एखादी फसवी लिंक मुलानें उघडली, किंवा बँकेचा ओटीपी वडीलधाऱ्यांनीं फोनवर सांगितला, तर त्या बिचाऱ्यानें काय करावें? तेवढा पहारा घरांतील प्रत्येकानें स्वतःच केला पाहिजे.