बेन आल्डरला जाण्याआधी

शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपली मुलं आता ग्लासगो-एडिनबरापर्यंत पोहोचली आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांचं तर ब्रिटनशी जुनं नातं आहे. सुट्टीच्या दिवशी ही मुलं डोंगर चढायला जातात आणि फोनवर तसं कळवतात. इकडे आई-वडिलांच्या डोळ्यांपुढे आपला सह्याद्री येतो. पायथ्याला गाव, वाटेत ताक नि लिंबूपाणी विकणाऱ्या बाया, वर चार माणसं. "सांभाळून जा" म्हणून फोन ठेवला जातो. स्कॉटलंडच्या हायलँड्समधला आडबाजूचा डोंगर मात्र या चित्रात बसत नाही. तिथे जाणाऱ्याला नेमके प्रश्न विचारलेले बरे. ते कोणते, हे बेन आल्डर या एका डोंगराच्या उदाहरणावरून पाहू.

बेन आल्डरची उंची ११४८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आकड्यात बेन आल्डर बराच खाली. स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांहून उंच शिखरांना 'मन्रो' म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची यादी छापली. आजच्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि बेन आल्डर त्यांतलं एक. त्याची खरी परीक्षा उंचीत नाही, अंतरात आहे. जवळचं रेल्वे स्टेशन डॅलव्हिनी, पर्थ-इन्व्हर्नेस मार्गावरचं. इथे थोड्याच गाड्या थांबतात. स्टेशनापासून लॉख एरिख्ट या लांबलचक सरोवराच्या काठाने कच्चा रस्ता जातो आणि पुढे माळावरून कल्रा या जागी पोहोचतो. हे अंतर साधारण १५ किलोमीटर. डोंगर खरा सुरू होतो तो इथून.

हा मुलूख किती एकाकी आहे, ते इतिहासच सांगतो. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हार झाल्यावर क्लूनी मॅकफर्सन हा सरदार बेन आल्डरच्या उतारावर लपून राहिला. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टही फ्रान्सला निसटण्यापूर्वी काही दिवस तिथे होता. सरकारी फौजा शोधत फिरत होत्या, पण त्यांच्या हाती कोणी लागलं नाही. शोधणाऱ्या फौजेला जिथे माणूस सापडला नाही, तिथे पाय मुरगळलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचायला किती वेळ लागेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

म्हणून पहिला प्रश्न: वेळ किती लागेल? यासाठी विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हिशेब आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. डॅलव्हिनीहून पायी जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या वर चाल होते आणि चढण सुमारे ८०० मीटर. म्हणजे नुसते चालण्याचेच साडेनऊ तास. त्यात डबा खाणं, दलदलीतून पाय काढणं, वाट शोधणं धरलं की बारा तास सहज होतात. म्हणून पुष्कळजण कल्रापर्यंत सायकलने जातात आणि सायकल तिथे ठेवून डोंगर चढतात. त्यामुळे तीन-चार तास वाचतात. पण सायकल पंक्चर झाली तर तेच तास परत द्यावे लागतात, तेव्हा पंप आणि जादा ट्यूब हवीच.

दुसरा प्रश्न: उजेड किती? जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच. हाच डोंगर जूनमध्ये लांबचा दिवस आहे, तर डिसेंबरमध्ये येतानाची अर्धी वाट अंधाराची आणि बर्फाची. डोक्याला बांधायची बॅटरी उन्हाळ्यातही पिशवीत असावी.

तिसरा प्रश्न: हवा कशी? शहरातल्या हवेचा अंदाज इथे चालत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज रोज प्रसिद्ध होतो. त्यात शिखरावरचा वारा, थंडी आणि ढग किती खाली उतरतील ते दिलेलं असतं. बेन आल्डरवर ढगाला फार महत्त्व आहे. वर जाण्याची एक चांगली वाट म्हणजे लाँग लेखास ही धार. थोडी हातापायांनी चढायची, पण दिवस कोरडा असेल तर मजेची. धार संपली की समोर भलंमोठं सपाट पठार येतं. धुक्यात या पठारावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात आणि पूर्वेच्या अंगाला सरळ तुटलेले कडे आहेत. वसंतातही या कड्यांच्या काठावर बर्फाचे सज्जे पुढे आलेले असतात. वरून जमीन वाटते, खाली काही नसतं. इथे फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नये. बहुतेक वाटेवर सिग्नल नसतो आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवं, आणि दोन्ही वापरता यायला हवं.

हेच होकायंत्र नमाजच्या वेळीही उपयोगी पडतं. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, स्कॉटलंडमधून तो आग्नेयेला. जोहरचा वेळ आधीच दिवसाच्या आराखड्यात धरून ठेवावा, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची जागाही त्या हिशेबाने निवडता येते. वजूला ओढ्याचं पाणी मिळतं, पण ते बर्फासारखं गार असतं. तेव्हा छोटा टॉवेल आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. डॅलव्हिनी सोडल्यावर वाटेत दुकान नाही. चपातीचे रोल, खजूर, थर्मासमधला चहा घरूनच न्यावा. उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या आणि गवतात गोचिड्या असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. कल्राची जुनी निवाऱ्याची झोपडी अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्यामुळे बंद करण्यात आली. तिच्या आशेवर बेत आखू नये.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: परत कधी फिरणार? हे वर पोहोचून ठरवायचं नसतं. शिखर अर्ध्या तासावर दिसू लागलं की थकलेला माणूस स्वतःशीच खोटं बोलतो. म्हणून आदल्या रात्री दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. एक, धारेच्या पायथ्याशी पोहोचल्यावर माथा ढगात असेल आणि होकायंत्रावर चालण्याचा सराव नसेल, तर तिथूनच मागे. दोन, दुपारी दोनपर्यंत शिखर गाठलं नाही, तर जिथे असू तिथून आल्या वाटेने खाली. सोबत कोण कोण आहे तेही पाहावं. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरायचा असतो.

हाच कागद मागे राहणाऱ्या एका माणसाकडे द्यावा. वाट कोणती, माणसं किती, सायकली कुठे ठेवणार, परतल्याचा फोन किती वाजता करणार. ठरलेली वेळ टळून गेली आणि फोन आला नाही, तर त्या माणसाने ९९९ वर पोलिसांना सांगून डोंगरी बचाव पथक मागवायचं. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. पण तीही माणसंच आहेत, आपली घरं सोडून रात्री निघतात. डोंगरावर अडकलेल्याने शिट्टी सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा.

आणि समजा, दोन वाजले, शिखर राहिलं आणि मंडळी परत फिरली, तर तो दिवस वाया गेला असं समजू नये. लॉख एरिख्टच्या काठाची संध्याकाळ त्यांना मिळतेच. मुलांनी तसं कळवलं, तर "वरपर्यंत का नाही गेलात?" असं घरच्यांनी विचारू नये. डोंगर कुठे जात नाही, इन्शाअल्लाह पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाता येईल.