मधली एक ओळ

बाकोबा, बाबाबा, कोबाको. मराठी शाळेत भूमिती शिकलेला माणूस बाकी सगळं विसरला तरी ही त्रिकुटं विसरत नाही. नाद बडबडगीताचा, पण दोन त्रिकोण एकरूप आहेत की नाहीत याचा निकाल त्यांच्या हाती. उत्तर लिहायची रीतही तितकीच कडक. आधी आकृती, मग पक्ष, मग साध्य, आणि सिद्धतेतल्या प्रत्येक विधानापुढे कंसात कारण. ‘दिसतंय की!’ हे कारण चालत नाही.

मात्र साध्य आणि सिद्धता यांच्यामध्ये कधीकधी एक ओळ येते, तिला कुणी कारण विचारत नाही. तिचं नाव रचना. ‘कोन अ चा दुभाजक काढा.’ का काढा? पक्षात तो नसतो, साध्यातही नसतो, आणि काम झाल्यावर त्याची आठवणही कुणी ठेवत नाही. माझ्या मते भूमितीतलं खरं डोकं याच ओळीत खर्च होतं, आणि नेमकी तीच आपण मुलांकडून पाठ करून घेतो.

समद्विभुज त्रिकोण अबक घ्या. पक्ष: अब आणि अक या बाजू समान. साध्य: पायालगतचे ब आणि क हे कोन समान. शाळेतली रचना म्हणजे कोन अ चा दुभाजक, पायाला ड मध्ये छेदणारा. दोन बाजू समान, दुभाजकाने केलेले कोन समान, अड सामाईक. बाकोबा. चार ओळींत काम फत्ते.

युक्लिडने असं केलं नाही. इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने ‘एलिमेंट्स’चे 13 ग्रंथ रचले. त्यातल्या पहिल्याच ग्रंथातलं पाचवं विधान हे. त्याने अब आणि अक पायाच्या खाली वाढवल्या, वाढवलेल्या भागांवर समान तुकडे तोडले, त्यांची टोकं पलीकडच्या क आणि ब ला तिरपी जोडली. एकरूप त्रिकोणांची एक जोडी, मग दुसरी, आणि शेवटी कोनांची वजाबाकी. आकृतीच्या ठेवणीमुळे म्हणा किंवा कच्चे विद्यार्थी इथेच अडकत म्हणून म्हणा, युरोपात या विधानाला ‘गाढवांचा पूल’ असं नाव पडलं.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर कोन दुभागता येतो हे त्याने तोवर सिद्धच केलं नव्हतं. ते येतं नवव्या विधानात. नववं उभं आहे आठव्यावर, म्हणजे आपल्या बाबाबावर. आठवं सातव्यावर, आणि सातवं पाचव्यावर. दुभाजक काढून पाचवं सिद्ध केलं असतं तर साध्यच मागच्या दाराने येऊन पक्षात बसलं असतं. शाळेत एकरूपतेच्या कसोट्या सुरुवातीलाच मानून घेतलेल्या असतात, म्हणून तिथला दुभाजक निर्धोक. युक्लिडला ती सोय नव्हती. त्याने स्वतःच ती ठेवली नव्हती.

त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, त्याच शहरात, पॅपसने या त्रिकोणात एक रेघही वाढवली नाही. त्याने त्रिकोण अबकची तुलना त्रिकोण अकबशी केली. तोच त्रिकोण, दुसऱ्या बाजूने वाचलेला. अब आणि अक समान, अक आणि अब समान, कोन अ स्वतःइतकाच. बाकोबा. म्हणून संगत कोन ब आणि क समान. पहिल्यांदा वाचताना वाटतं, आपल्याला गंडवलं. पण त्यात खोट नाही. एकरूपता ही शिरोबिंदूंच्या जुळणीची गोष्ट आहे, कुठला बिंदू कुणासमोर याची. दोन त्रिकोण वेगळे असलेच पाहिजेत, अशी अट कुणी घातलेलीच नाही. अक्षरांचा क्रम चुकला म्हणून अर्धा गुण कापणारे मास्तर तेव्हा खडूस वाटायचे. पॅपस वाचल्यावर त्यांची बाजू पटते. (परीक्षेत मात्र दुभाजकच काढावा हे बरं.)

आता विधान उलटं करू: कोन ब आणि क समान असतील तर अब आणि अक समान असतात का? हा व्यत्यास. व्यत्यास फुकटात मिळत नाही. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, पण कर्ण काटकोनात छेदले म्हणून चौकोन समभुज ठरत नाही. तो साधा पतंगही असू शकतो. त्रिकोणाचा हा व्यत्यास मात्र खरा आहे. युक्लिडचं सहावं विधान तेच, आणि त्याची पहिली अप्रत्यक्ष सिद्धताही इथेच येते.

इथली रचना मला सगळ्यांत आवडते, कारण ती जाणूनबुजून खोटी आहे. समजा, अब मोठी आहे. मग ब पासून अब वर अक एवढं अंतर तोडा, तिथे ड, आणि डक जोडा. बड आणि कअ समान, बक सामाईक, कोन ब आणि क पक्षानुसार समान. पुन्हा बाकोबा: त्रिकोण डबक आणि अकब एकरूप. पण डबक तर अबकच्या पोटात आहे! पोटातला तुकडा अख्ख्याएवढा निघाला. फळ्यावर हे दाखवायचं तर समान कोनांचा त्रिकोण मुद्दाम एका बाजूला लांबवावा लागतो, आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, आकृती चुकली.’ बरोबरच आहे त्याचं. ड ला उभं राहायला जागाच नाही, एवढंच तर सिद्ध करायचं असतं.

राहता राहिली अक मोठी असण्याची शक्यता. ती युक्लिडने लिहिलीच नाही. ब च्या जागी क आणि क च्या जागी ब घालून तेवढं वाचकाने आपलं आपण करून घ्यायचं.