म्हणजे काय, बाई?

1976 साली कराडजवळच्या एका गावात ती पाचवीत गेली आणि पहिल्यांदा इंग्रजीचं पुस्तक हातात आलं. वडिलांनी एसटी स्टँडवरच्या दुकानातून खिशात मावेल एवढी, लाल पुठ्ठ्याची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी आणली. घरात सगळ्यांनी ती हाताळून पाहिली. रात्री कंदिलाजवळ बसून तिने 'ब्रेव्ह' शोधला. पुढे लिहिलं होतं 'करेजस'. मग 'करेजस' काढला, तर पुढे पुन्हा 'ब्रेव्ह'.

ती रडकुंडीला आली. शेजारी आजी वाती वळत होती. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीला तिने विचारलं, "शूर म्हणजे काय गं?" आजीने हातातली वात पुरी केली आणि म्हणाली, "भ्या वाटतंय तरीबी मागं सरत न्हाई, त्यो शूर."

पुढे आयुष्यभर तिने ज्या कामाचा ध्यास घेतला, त्याचा पहिला नमुना हाच. अवघड शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दांत उभा करायचा, एवढंच ते काम. पण डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्यासारख्या दिग्गजालाही 1755च्या कोशात ते सगळीकडे साधलं नव्हतं. विणलेल्या जाळ्यासाठीच्या साध्या शब्दाची त्यांनी केलेली व्याख्या लॅटिन वळणाच्या शब्दांनी इतकी जड झाली, की आधी जाळं पाहावं आणि मग व्याख्या समजून घ्यावी. त्यांचा वाचक मुळात इंग्रजी जाणणारा होता. जो अजून शिकतोय त्याचा विचार करून कोश रचायला आणखी पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

1986 साली डीएड संपता संपता पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला ऑक्सफर्डची 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' मिळाली. 1974ची तिसरी आवृत्ती, कोपरे झिजलेली. शिक्षकमंडळी या डिक्शनरीला नुसतं 'हॉर्नबी' म्हणत. ए. एस. हॉर्नबी 1924 साली इंग्रजी शिकवायला जपानला गेले. आपल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात बसवता येत नाही, हे त्यांनी वर्गात रोज पाहिलं. दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी तयार केलेला कोश 1942 साली टोकियोत छापून निघाला, तेव्हा जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत होते. ऑक्सफर्डने तो 1948 साली इंग्लंडमध्ये काढला.

त्या कोशातल्या एका अक्षराने तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हात दिला. 'फर्निचर'पुढे कंसात 'यू' होता, म्हणजे हा शब्द मोजता येत नाही, त्याचं अनेकवचन करायचं नाही. 'ॲडव्हाइस'पुढेही तोच, 'इन्फर्मेशन'पुढेही तोच. आपण सगळेच 'फर्निचर्स' लिहीत आलो होतो. कोणी चूक दाखवली असती तर ओशाळल्यासारखं झालं असतं. इथे एका अक्षराने गुपचूप, न रागावता सांगितलं.

मायकल वेस्ट यांच्याबद्दल तिने वाचलं तेव्हा तिला जास्त जवळचं वाटलं, कारण हा माणूस आपल्या इकडचा. वेस्ट ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना कुठे अडखळतात, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1935 साली त्यांनी जेम्स एन्डिकॉट यांच्यासह काढलेल्या कोशात 18,000 शब्द आणि 6,000 वाक्प्रचार समजावले आहेत, आणि ते सगळे फक्त 1,490 शब्दांत. एवढे शब्द पाठ असले की बाकीचं दार उघडतं. 1978 साली लॉन्गमनने सुमारे दोन हजार शब्दांची मर्यादा घालून आपला मोठा कोश रचला, तो याच वाटेने. मग 1987 साली बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली झालेला 'कोबिल्ड' आला आणि त्यात व्याख्या सबंध वाक्यात दिल्या होत्या. अमुक झालं की आपण तमुक करतो, अशा बोलत्या भाषेत. तिला आजी आठवली.

मात्र छोटा शब्द सोपा असतोच असं नाही, हे तिला मुलांनी शिकवलं. 'एलिफंट' कोणालाही एका चित्रात कळतो. 'वेअर' शिकवायला मात्र तिला पूर्ण तास लागायचा. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो. इंग्रजीला या सगळ्यांसाठी एक 'वेअर' पुरतो. मुलं अविश्वासाने विचारायची, "गजरा पण वेअर, बाई?" तसंच शेतातली साळ, पोत्यातले तांदूळ आणि ताटातला भात, सगळे इंग्रजीत 'राइस'. शेतकऱ्यांच्या मुलांना हे फारच चुकीचं वाटायचं, आणि तिच्या मते त्यांचं बरोबर होतं.

निवृत्तीनंतर, 2024च्या पावसाळ्यात, समोरच्या इमारतीच्या बांधकामावर उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब राहायला आलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी जवळच्या मराठी शाळेत जाऊ लागली आणि संध्याकाळी अभ्यासाला बाईंच्या ओट्यावर. पहिल्याच आठवड्यात निघताना ती म्हणाली, "बाई, मी काल येणार." हिंदीतला 'कल' मागेही जातो आणि पुढेही, तेव्हा बिचारीने तोच मराठीत आणला होता. बाईंनी 'काल' आणि 'उद्या' वेगळे करून दाखवले. पोरीला पटलं. मग तिने 'परवा' विचारला, आणि बाईंच्या लक्षात आलं, की आपला परवा तिच्या 'परसों'सारखाच दोन्हीकडे जातो.

तेव्हापासून बाई जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चिठ्ठ्या करू लागल्या. मोल्सवर्थचा 1831चा कोश मराठी शिकणाऱ्यांसाठीच होता, पण अर्थ इंग्रजीत. या पोरीला मराठीचा अर्थ मराठीतच हवा, तोही तिला येणाऱ्या तीनेकशे शब्दांत. आधी त्यांनी तिचे शब्द वहीत उतरवून घेतले. मग पहिली चिठ्ठी लिहिली: 'नेसणे – न शिवलेलं लांब कापड अंगाभोवती गुंडाळून घालणे.' पोरीने वाचलं आणि विचारलं, "गुंडाळून म्हणजे?" वहीत तो शब्द नव्हता. बाईंनी तो खोडला आणि विचार करत बसल्या. तेवढ्यात पोरीने दोरीवरची ओढणी काढली, कमरेभोवती दोन वेढे घेतले, टोक खोचलं आणि म्हणाली, "असं?"

चिठ्ठ्या आता दीडशेच्या वर गेल्यात. 'परवा'च्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत, एकीला डावीकडे बाण, एकीला उजवीकडे. 'शूर'च्या चिठ्ठीवर आजीचं वाक्य आहे, फक्त प्रमाण मराठीत केलेलं. 'लागणे'ची चिठ्ठी मात्र अजून कोरी आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, पाऊस लागतो. पोरगी रोज शाळेतून येताना एक नवीन 'लागणे' आणते. बाई तो वहीत लिहून घेतात.