फिरण्याचा निरोप

शेतकऱ्याला निवृत्ती नसते. नोकरीवाल्याला अठ्ठावन्नव्या नाहीतर साठाव्या वर्षी हार घालून, नारळ देऊन घरी पाठवतात. आमच्याकडं हात चालेपर्यंत बांधी सुटत नाही. त्यामुळं "मी आता थांबतो" असं म्हणायची सवय आमच्या जातीलाच नाही. तरी गेल्या दिवाळीत मी ते म्हटलं. जिल्ह्यातल्या एका छोट्या साप्ताहिकात तेहतीस वर्षं चालवलेलं फिरस्तीचं सदर मी बंद केलं. तेव्हापासून बाजारात, लग्नात, मंडईत जो भेटतो तो विचारतो, "काऊन जी, तब्येत बरी हाये ना?" तब्येत बरी आहे. सायकल अजून चालवतो. कारण दुसरं आहे, आणि ते नीट सांगितल्याशिवाय निरोप पुरा होत नाही.

माझं गाव सिंदेवाही तालुक्यात, झाडीपट्टीत. धान, तलाव आणि जंगल, एवढंच आमचं धन. दहावी झाल्यावर पुढचं शिक्षण झालं नाही. बापाच्या मागं चार एकर आणि दोन बैल मिळाले. ऑगस्ट १९८२ मध्ये चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गडचिरोली वेगळा निघाला. तोपर्यंत सिरोंचा आपल्याच जिल्ह्यात होतं, पण आमच्या गावातल्या एकाही माणसानं ते पाहिलेलं नव्हतं. आपलं होतं ते न पाहताच दुसऱ्याचं झालं, ही गोष्ट मला डाचली. १९८५ च्या हिवाळ्यात बाबा आमटे तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून 'भारत जोडो'साठी निघाले. पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसवत नव्हतं, गाडीत आडवं होऊन ते चालले होते आणि पोरं सायकलीवर. आम्ही मनात म्हटलं, हा म्हातारा देश पालथा घालतो, आपल्याला दोन जिल्हे तरी झेपतील. धानाचं चुरणं आटोपलं, पुंजने उठले आणि मी सायकल काढली.

पहिल्या वर्षी मार्कंड्याला गेलो. तिथं वैनगंगा वळून उत्तरेकडं वाहते, म्हणून त्या जागेला महत्त्व. दुसऱ्या वर्षी चपराळ्याला, जिथं वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. मग भामरागड. तिथं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की भामरागड जगापासून तुटायचं. शेवटी सिरोंचा. प्राणहिता गोदावरीला मिळते ते पाणी पाहिलं तेव्हा मला आमच्या तलावाची आठवण झाली. आमच्या सांडव्यातून सुटलेलं पाणी नाल्यानं, नदीनं शेवटी इथंच येत असणार. त्या दिवशी पहिल्यांदा वहीत काही लिहिलं.

लिहायचं पेन्सिलीनं. शाई पावसात पसरते, पेन्सिल पसरत नाही. पिशवीत पोहे, गूळ, मिठाची पुडी, पंक्चरचं सामान आणि एक धोतर. रस्त्यात सगळ्यात उपयोगी पडलं ते एक वाक्य: "रात्र काढायला ओसरी मिळन का जी?" चाळीस वर्षांत या वाक्याला नाही म्हणणारं घर मला दोनदाच भेटलं, आणि त्या दोन्ही घरांत दुखणं होतं. एटापल्लीकडच्या माडिया पाड्यांवर भाषा कळायची नाही, तरी पानावर भात यायचा. मध्ये काही वर्षं अशी गेली की रात्री एका बाजूचे लोक विचारायचे, कुठून आलास, आणि दिवसा दुसऱ्या बाजूचे. दोघांनाही मी वही दाखवायचो. वहीत नद्या, बाजार, धानाचे भाव आणि कुणाच्या घरी काय जेवलो हेच असायचं. दोघंही वही परत करायचे.

१९९२ साली साप्ताहिकाच्या संपादकांनी यातलं एक पान छापलं आणि पुढचं मागितलं. मानधन म्हणजे अंकाच्या पाच प्रती. पण पत्रं यायची. चंद्रपूरच्या वीज केंद्रातले कामगार लिहायचे, शाळेतल्या बाया लिहायच्या. पुण्यात गेलेला आमच्याच भागातला एक मुलगा लिहायचा की तुमच्या लेखात मोहफुलाचा वास येतो, म्हणून मी तो डब्यात घालून ठेवतो. एवढं मिळाल्यावर माणूस पैशाचं कशाला विचारील?

आता थांबायची कारणं लोक आपल्याच मनानं लावतात. कुणी म्हणतं, जुनं जग राहिलं नाही म्हणून. ते खरंच राहिलं नाही. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी लाइनीची गाडी २०१९ मध्ये बंद झाली. रुंद रुळांसाठी ती काढली, ते बरोबरच झालं. पण त्या गाडीत बसून निम्मं गाव एकमेकांचं सुखदुःख विचारायचं. नद्यांवर पूल झाले. पूर्वी ज्या घाटावर डोंग्याची वाट पाहत मी दोन-दोन तास बसून लिहिलं, तिथून आता गाडी दोन मिनिटांत पार होते. यात रडण्यासारखं काही नाही. बाळंतीण अडलेल्या घराला पुलाची किंमत विचारा.

कुणी म्हणतं, वाघामुळं. यातही तथ्य आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात आता वाघ ताडोब्याच्या हद्दीत राहत नाही, आमच्या बांध्यांत राहतो. दुपारी चारनंतर सायकलीनं एकट्यानं जंगलातला रस्ता धरायचा नाही, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. पण वाट बदलून, वेळ बदलून मी फिरलोच असतो.

खरं कारण आमच्या शेजारच्या घरातलं आहे.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात शेजारची म्हातारी मोह वेचायला गेली. मोह पहाटे गळतो. उजाडायच्या आत झाडाखाली गेलं नाही तर रानडुकरं आणि हरणं खाऊन जातात. त्यामुळं बाया अंधारातच निघतात आणि खाली वाकून वेचतात. वाकलेल्या माणसाला वाघ माणूस समजत नाही, असं जाणकार सांगतात. म्हातारी घरी आली नाही. पंचनामा झाला, सरकारी मदतही मिळाली. दिवस झाल्यावर तिची सून तो कागद घेऊन माझ्याकडं आली. गावात वाचणारा मी म्हणून आली. मी वाचून दाखवला. त्यात जागा म्हणून कक्ष क्रमांक लिहिला होता.

ती म्हणाली, "मामाजी, आमची बुढी तं हत्तीगोट्यावर गेली होती. ह्या नंबरात हत्तीगोटा कोठी हाये?"

मी म्हटलं, "बाई, सरकारी कागदात जंगलाला नंबरच असते."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमी साऱ्या दुनियेचं लिवता जी. आपला हत्तीगोटा कोनी लिवन का?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. तिच्या सासूनं, तिच्या आजेसासूनं त्याच तीन झाडांखाली मोह वेचला. ती झाडं कुणाची, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि कागदावर कुठंच नव्हतं.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावानं तो २००९ मध्ये मिळवला, सुमारे १८०० हेक्टरांवर. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं स्वतःचा बांबू विकला. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरीकडच्या पाचगावनं २०१२ मध्ये हक्क मिळवला आणि तेही बांबूवर उभं राहिलं. या दोन्ही गावांवर मी लेख लिहिले आहेत. लोकांनी वाचले, आवडले म्हणून सांगितलं. माझ्या स्वतःच्या गावाचा दावा मात्र अर्धा भरून ग्रामपंचायतीच्या कपाटात पडला होता.

आमच्यासारख्या आदिवासी नसलेल्यांना कायद्यात एक मोठी अट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आपण या जंगलावर जगत आलो हे दाखवावं लागतं. हिशेब केला तर १९३० साल येतं. मालगुजारीच्या काळातले कागद आहेत. निस्तार पत्रकात गावाला जळतण, चराई, बांबू मिळायचा त्याच्या नोंदी सापडतात. पण कुठली झाडं, कुठला झरा, कुठली वाट, ते त्यात नाही. नियमांत दुसरा एक पुरावा धरला आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं निवेदन. १९३० साल पाहिलेला माणूस आता कुठं शोधायचा? पण त्या माणसाकडून ऐकलेले आठ-दहा जण अजून बसलेले आहेत. त्यातले दोन या उन्हाळ्यात गेले.

मग मी ठरवलं. एका माणसाला दोन वह्या चालवणं जमलं असतं, तर मी चालवल्या असत्या. सकाळी बांधी, दुपारी गुरं, उरलेल्या वेळात एकच काम नीट होतं. आता हे करायचं.

सदर बंद करण्याआधी, दुसऱ्यांनी कसा निरोप घेतला हे मी आठवून पाहिलं. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. हातानं उभं केलेलं गाव मागं ठेवून म्हातारपणी नव्या लढ्यात उतरले. पुढं परतले आणि २००८ मध्ये आनंदवनातच त्यांचा शेवट झाला. मारुती चितमपल्ली यांची तऱ्हा निराळी. सोलापूरचा माणूस, वनखात्यात छत्तीस वर्षं, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. आमच्या झाडीच्या लोकांकडून पाखरांची नावं गोळा करून त्यांनी मराठीला दिली. विदर्भात उभं आयुष्य काढून उतारवयात ते सोलापूरला परत गेले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला तिथंच ते गेले. बातमी वाचली त्या दिवशी आमच्याकडं पऱ्हे टाकणं चाललं होतं. संध्याकाळी मी त्यांचं 'रानवाटा' काढून बसलो. एक निघून नव्या जागी गेला, एक फिरून मूळ जागी गेला. दोघांनीही काम टाकलं नाही. मला त्यांच्या पंगतीला बसायचं नाही, पण वाट विचारायला मोठ्यांकडंच जावं लागतं.

संपादक नाराज झाले. म्हणाले, "वाचक तुटतील हो." मी त्यांना नागभीडकडचा एक पोरगा दिला. त्याच्याजवळ मोटारसायकल आहे, फोनवर फोटो काढतो, आणि बरं म्हणजे ऐकून घेतो. त्याला मी माझ्या वह्यांतली एकच यादी उतरवून दिली, चाळीस वर्षांतल्या ओसऱ्यांची. त्यातली निम्मी माणसं वारली असतील, पण घरं आहेत, नातवंडं आहेत. त्याला सांगितलं, बाबू, आधी जेवणाला हो म्हण, मग फोटो काढ. आणि गाव सोडताना सांगून निघ.

तुम्हा वाचकांनाही तेवढंच सांगून निघतो. तुमची पत्रं एका पेटीत आहेत, वाळवी लागू नये म्हणून मध्ये निंबाचा पाला घालतो. उत्तर राहिलं असेल त्यांनी राग धरू नका. या दोन जिल्ह्यांत कधी आलात तर वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून जाऊ नका. मंडईच्या दिवसांत या, रात्रभर नाटक पाहा, सकाळी तलावाच्या पाळीवरून चाला.

नवी वही सुरू आहे. पेन्सिल तीच. आतापर्यंत जंगलातल्या सत्तावीस जागांची नावं झाली, एकशे बारा मोहाची झाडं आणि ती कुणाच्या घरची, चार झरे, गुरांच्या तीन वाटा. रोज संध्याकाळी एका ओसरीवर बसतो. काल पलीकडच्या आळीतल्या आजीकडं गेलो होतो. तिला ऐकू कमी येतं, म्हणून शेजारची सून जोरानं विचारते आणि मी लिहितो. आजी म्हणाली, "हत्तीगोट्याच्या बुडाशी पानी हाये. माझी सासू सांगे, मोठ्या दुष्काळात साऱ्या गावानं तेच पानी पेलं." मी तसंच्या तसं लिहिलं, खाली तारीख घातली. आजीला सही येत नाही. सुनेनं शाईची डबी उघडून तिचा अंगठा धरला.