बँकेचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हालविणें हें घरच्या माणसांपेक्षां त्यांच्याकडे येणाऱ्यांनाच अधिक अडचणीचें होतें. घरच्यांना नवें दार ठाऊक असतें. पाहुणा मात्र जुन्या दाराशीं उभा राहून कडी वाजवीत बसतो. सन २०२५ मध्यें आपल्या देशांतील बँकांना असेंच बिऱ्हाड हालविण्याची आज्ञा झाली. इमारती जेथल्या तेथेंच राहावयाच्या होत्या. बदलावयाचा होता तो आंतरजालावरील पत्ता. रिझर्व्ह बँकेनें त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत परिपत्रक काढून सांगितलें कीं, ३१ ऑक्टोबरपर्यंत सर्व बँकांनीं आपलीं संकेतस्थळें 'बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर न्यावींत. मोठ्या बँकांप्रमाणें सहकारी बँकांसही ही आज्ञा लागू होती; अर्थात् आपल्या कोल्हापुरांतील पुष्कळ पालकांच्या पासबुकांशीं तिचा संबंध आला.

हा बदल कशासाठीं? पूर्वीं कोणत्या बँकेचा पत्ता 'कॉम'वर संपे, कोणाचा 'को डॉट इन'वर. असे शेवट थोडक्या भाड्यांत कोणासही मिळतात. एखादें अक्षर इकडचें तिकडे करून बँकेच्या नांवासारखें नांव घ्यावें, दर्शनी भाग हुबेहूब रंगवावा, आणि भोळ्या खातेदाराकडून गुप्तांक काढून घ्यावा, हा चोरांचा धंदाच होऊन बसला. नव्या शेवटाची गोष्ट निराळी आहे. तो केवळ बँकांनाच मिळतो, आणि तो देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेनें १९९६ सालीं हैदराबाद येथें स्थापिलेल्या बँकिंग तंत्रज्ञानविषयक संस्थेकडेच आहे. चोरानें घर कितीही हुबेहूब बांधलें तरी या आळींत त्याला जागा मिळावयाची नाहीं.

माझ्या आत्याबाई सेवानिवृत्त परिचारिका आहेत. निवृत्तिवेतनावर त्यांचा चरितार्थ चालतो. पत्ता बदलल्याचा निरोप त्यांच्या मोबाइलवर आला तेव्हां त्या मला म्हणाल्या, "अरे बाळा, हा निरोप बँकेचा कीं कुणा सोद्याचा? पत्ता बदलला म्हणून सांगायला चोरही येईल कीं!" सर्व गोष्टींचें मर्म या एका प्रश्नांत आहे, असें मला वाटतें. निरोपावर विश्वास न ठेवतां पत्ता स्वतः वाचतां आला पाहिजे.

तो वाचावा शेवटाकडून. टपालांतील पत्राचेंही तसेंच आहे. आपण नांवापासून लिहीत जातों. वर्गवारी करणारा मात्र आधीं खालचा पिनकोड पाहतो. (ही सहा अंकांची योजना संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची असून ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. आपल्या शहराचे अंक ४१६ ने सुरू होतात.) आंतरजालावरील पत्त्यांत आरंभीं दोन तिरप्या रेघा असतात, त्या सोडून द्याव्या. पुढें जी पहिली एकेरी तिरपी रेघ येईल तिच्या लगत डावीकडे 'इन', मग टिंब, मग 'बँक', मग पुन्हां टिंब, आणि त्यापलीकडे बँकेचें नांव असावयास पाहिजे. टिंबाच्या जागीं आडवी रेघ असेल तर तें घर निराळें. 'बँक डॉट इन'च्या पुढें आणखी 'डॉट कॉम' जोडलेलें असेल तरीही निराळेंच. विद्यार्थिमित्रांनो, घरोघरीं हें वाचून दाखविण्याचें काम तुमच्याकडेच येतें, म्हणून इतकें फोड करून लिहिलें. आत्याबाईंनीं बँकेच्या शाखेंत जाऊन तेथील फलकावरून नवा पत्ता उतरून आणला व स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर छापलेल्या जुन्या पत्त्यावर चिकटविला. एवढ्यानें सर्व चोरी बंद पडेल असें मात्र नाहीं. दूरध्वनीवरून गुप्तांक विचारणाऱ्याला पत्त्याची गरजच नसते.

आतां जुन्या दाराविषयीं. संगणक परस्परांना अंकांनीं ओळखतात. नांवावरून अंक सांगणाऱ्या वह्या जगभर ठेवलेल्या आहेत. ही व्यवस्था १९८३ पासूनची. या वह्यांच्या नकला ठिकठिकाणीं कांहीं काळ साठवून ठेवलेल्या असल्यामुळें एखाद्या नांवापुढील अंक बदलल्यास तो बदल सर्वत्र एकदम कळत नाहीं. शिवाय चेकबुकें, जुनीं पत्रें, दुसऱ्यांच्या पानांवरील दुवे यांत जुनाच पत्ता राहतो. म्हणून जुन्या दारावर एक दरवान बसवितात. कोणी आला कीं तो ३०१ हा अंक उच्चारतो. त्याचा अर्थ, 'कायमचें स्थलांतर झालें, पुढें जा.' पाहुण्यास बहुधा त्याचा पत्ताही लागत नाहीं, इतक्या त्वरेनें तो नव्या दारीं पोंचतो.

परंतु जुनें नांवही भाड्याचेंच असतें. मुदत संपल्यावर भाडें भरलें नाहीं तर तें दुसऱ्या कोणासही घेतां येतें, आणि मग दरवानाच्या जागीं चोरच बसतो. बँकांनीं हा लहानसा खर्च पुष्कळ वर्षें सोसावा, असें माझें मत आहे. आत्याबाईंच्या वयाचे खातेदार अजून जुन्याच दारानें येत आहेत.