आलमबागेत पथ्यावरचा पाहुणा

लखनौचे नाव काढले की कबाब, चाट, रेवडी आणि हिवाळ्यातली मक्खन मलाई डोळ्यांपुढे येते. पण पाहुणाच पथ्यावर असेल तर? अंगावर वारंवार पित्त उठते, पोट बिघडते म्हणून डॉक्टरांनी गहू, दूध, शेंगदाणे असे संशयित पदार्थ काही आठवडे बंद करायला सांगितलेले असतात आणि नेमके त्याच सुमारास लग्नकार्यासाठी लखनौ गाठावे लागते. बाहेरगावच्या अनेकांचा मुक्काम आलमबागेत पडतो. चारबाग रेल्वे स्टेशन जवळ आहे, मोठे बसस्थानक इथेच आहे आणि विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत धावणारी मेट्रोही इथूनच जाते. चारबागहून मेट्रोने निघाले की चौथे स्टेशन आलमबागचे.

नवाबाची बाग, निर्वासितांची वस्ती

अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी येथे महाल आणि बाग उभारली. तिच्यावरूनच हे नाव पडले. १८५७च्या सप्टेंबरमध्ये इंग्रजी फौजेने ही बाग काबीज केली. पुढे नोव्हेंबरपासून मार्च १८५८पर्यंत जनरल औट्रम येथे तळ ठोकून होता. त्या वैभवाची खूण म्हणजे चंदरनगरच्या बाजारातला जुना दरवाजा. १९४७च्या फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी कुटुंबे या भागात येऊन वसली. त्यामुळे अवधी पुरी-कचोरीच्या शेजारीच छोले-भटुऱ्यांची कढई रटरटत असते.

जनरल हॅवलॉकची कबरही आलमबागेतच आहे. २४ नोव्हेंबर १८५७ रोजी तो मेला, तो लढाईतल्या जखमेने नव्हे, आमांशाने. पथ्यावरच्या पाहुण्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परगावी पोट बिघडले की ते बहुधा दूषित पाण्याचे किंवा शिळ्या अन्नाचे काम असते. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. दुधातली साखर न पचणे ही आणखी वेगळी गोष्ट. चाट खाऊन दुसऱ्या दिवशी जुलाब झाले, एवढ्यावरून कोणत्याही पदार्थाला दोषी ठरवता येत नाही.

उपास नव्हे, तपास

पदार्थ वगळून तपास करण्याची ही पद्धत १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातील डॉक्टर अल्बर्ट रो यांनी रूढ केली. आधी काही दिवस खाल्लेले सारे आणि झालेला त्रास वहीत लिहायचा. मग डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने संशयित पदार्थ साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचे. त्रास कमी झाला तर एकेक पदार्थ काही दिवसांच्या अंतराने, थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करून पाहायचा. फरकच पडला नाही, तर दोष त्या पदार्थांचा नाही असे समजून नेहमीचा आहार घ्यायचा.

पुष्कळ घरांत पहिला भाग पार पडतो आणि दुसरा राहून जातो. मग वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, डाळी, गहू विनाकारण वर्षानुवर्षे बंद राहतात. या पथ्याला शेवट असतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

गव्हाबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात सीलिअ‍ॅक हा आतड्यांचा विकार आढळतो. त्याची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करावी लागते. आधीच गहू सोडला तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो.

एका द्रोणात पाच संशयित

आलमबागेच्या बाजारात चाटचा एक द्रोण हाती घेतला तर त्यात मैद्याची पापडी, दही, वाटाणा, बेसनाची शेव आणि चटणीतला मसाला एकत्र येतात. त्रास झालाच तर कोणामुळे, हे कसे कळणार? टिक्की नुसत्या बटाट्याची असली तरी ती तळताना त्याच कढईत आधी मैद्याचे समोसे तळलेले असतात. कबाबाच्या वाटणात अनेकदा भाजलेल्या चण्याचे पीठ आणि काजू असतात. रेवडीत तीळ तर उघडच दिसतात. फोडणीतल्या बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मराठी माणसाची आणखी एक अडचण नावांची. रव्याला तेथे सूजी म्हणतात, खव्याला खोया, ताकाला मट्ठा, शेंगदाण्यांना मूंगफली. ‘गेहूं है क्या?’ एवढे विचारून भागत नाही. मैदा, आटा, सूजी, दलिया अशी सर्व नावे घेऊन विचारावे. बंद पाकिटावर मात्र गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन अशा पदार्थांचा उल्लेख करणे २०२०च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या मिठाईला ही सोय नाही.

मग खावे काय?

घरगुती मुक्काम असेल तर तहरी हा सोपा मार्ग. तांदूळ, बटाटा, वाटाणा आणि हळद घालून केलेला हा अवधी भात ताजा, हिंगाशिवाय करून मागता येतो. मोहरीचे तेल चालते का, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. नवरात्रात दुकानांतून शिंगाड्याचे पीठ आणि ‘समा के चावल’, म्हणजे आपली वरी, सहज मिळते. पण उपासाचे म्हणजे निर्धोक असे नव्हे. उपासाच्या खिचडीत शेंगदाणे असतात, कुट्टूच्या पिठाची स्वतंत्र अ‍ॅलर्जी असू शकते आणि एकाच चक्कीवर गहूही दळला जातो. सोबत घरून भाजलेले तांदळाचे पीठ, मीठ, जिरे आणि चालणारा कोरडा खाऊ न्यावा. पाणी उकळलेले किंवा सीलबंदच प्यावे.

‘पहले आप’च्या शहरात नाही म्हणणे अवघड. पण एका घासाने तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते. म्हणून यजमानीणबाईंना आदल्या दिवशीच फोन करून काय चालते ते सांगावे. काय चालत नाही, याची लांबलचक यादी ऐकून त्या बिचाऱ्या घाबरतात.

बंद केलेला पदार्थ प्रवासात पुन्हा सुरू करू नये. पाणी, झोप, मसाले सारेच बदललेले असताना खरा दोषी सापडत नाही. ज्याला पूर्वी ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे असा त्रास झाला असेल, त्याने तर ही परीक्षा घरीही करू नये. ती रुग्णालयात, डॉक्टरांसमोरच व्हावी. बाकीच्यांनी परतल्यावर वही उघडावी आणि पहिला पदार्थ निवडावा. तपासात चाट निर्दोष ठरली, तर आलमबागेची मेट्रो पुढच्या वेळीही आहेच.